दस्तऐवजांतील सुटका : पेनसिल्व्हेनिया दास्यविमोचक सभेचा इतिहास

इसवी सन १७७३ मध्ये बेंजामिन बॅनरमन नावाचा व्हर्जिनियाचा एक इसम, आपण विकत घेतलेली मालमत्ता आपल्या मुलखी नेण्याकरिता, फिलाडेल्फिया शहरात येऊन दाखल झाला, तेव्हा त्या मालमत्तेने भर शहरात तोंड उघडले आणि आपण कोणाचीही मालमत्ता नाही, आपण व आपली मुले जन्मतः स्वतंत्र आहोत, असे ती जो ऐकेल त्याला सांगू लागली. डायना नेव्हिल हे तिचे नाव. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे रक्त तिच्या अंगात होते आणि न्यू जर्सीतील पूर्वीच्या धन्याने तिला मुलाबाळांसकट बॅनरमनला खरेदी दिले होते. शहरातील काही भल्या माणसांनी मध्ये पडून प्रकरण न्यायासनापुढे नेले. परंतु निवाडा होईपर्यंत तिला ठेवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा निराधारांना आणि उनाडांना कोंडून कामास जुंपण्यासाठी जे श्रमगृह शहरात होते, तेथे तिची मुलांसह रवानगी झाली. निवाडा लांबत गेला. तिची दोन मुले त्या श्रमगृहातच दगावली.

संस्थेच्या इतिहासात पहिले नाव संस्थापकाचे घालावे असा प्रघात आहे. परंतु पेनसिल्व्हेनिया दास्यविमोचक सभेचे जे मोठे दफ्तर आज फिलाडेल्फियाच्या इतिहास-संस्थेत जतन करून ठेवलेले आहे, ते निर्माण होण्याचे मूळ या स्त्रीच्या फिर्यादीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत असल्यामुळे, सभेच्या स्थापनेस अडीचशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने लिहिताना, तिचेच नाव आरंभी घातले आहे. १४ एप्रिल १७७५ रोजी ‘रायझिंग सन’ नावाच्या पांथशाळेत चोवीस गृहस्थ जमले, त्यांपैकी सतरा क्वेकर पंथाचे होते, आणि डायनेचे प्रकरण ज्याने अंगावर घेतले होते तो टॉमस हॅरिसन व्यवसायाने शिंपी होता. बेकायदा दास्यात अडकवलेल्या स्वतंत्र निग्रो लोकांच्या साहाय्यार्थ ही सभा आहे, असे तिच्या नावातच त्यांनी नमूद केले. पाचव्या दिवशी लेक्सिंग्टन येथे गोळी झाडली गेली, स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागले, आणि त्या वर्षी अवघ्या चार बैठका होऊन सभेचे काम थंडावले. हॅरिसनने मात्र डायनेला टाकले नाही. न्यायासनाच्या वाटेने तिची सुटका होत नाही असे दिसल्यावर, १७७९ मध्ये तिला व तिच्या हयात मुलांना खरेदीपत्राने आपल्या नावावर करून घेऊन, त्याच हाताने त्याने त्यांचे मुक्तिपत्र लिहून दिले.

सभेच्या नावातील ‘बेकायदा’ हा शब्द वाचकाने क्षणभर नजरेसमोर धरावा, अशी विनंती आहे. जे दास्य कायद्याला धरून होते, त्याविषयी या गृहस्थांनी आरंभी ब्र काढला नाही. आणि कायद्याला धरून असलेले दास्य ही काय वस्तू होती, ती त्या भूमीत कशी रुजली, हे समजल्यावाचून सभेच्या पुढील साठ-सत्तर वर्षांच्या खटपटीचा अर्थ लागणार नाही.

इंग्लंडातून आलेल्या वसाहतकारांनी गुलामगिरीचा तयार कायदा बरोबर आणलेला नव्हता; तो त्यांनी तेथे बसून, एकेक कलम जोडून तयार केला. व्हर्जिनियात १६४० साली तीन नोकर पळून जाऊन पकडले गेले, तेव्हा त्यांतील दोघा गोऱ्यांची चाकरीची मुदत काही वर्षांनी वाढवण्यात आली आणि जॉन पंच नावाच्या तिसऱ्या, काळ्या नोकराला आमरण चाकरीची शिक्षा झाली. पुढे १६५६ मध्ये एलिझाबेथ की या स्त्रीने, आपला बाप स्वतंत्र इंग्रज होता आणि आपला बाप्तिस्मा झालेला आहे, अशा मुख्य आधारांवर दावा लावून आपले स्वातंत्र्य मिळवले, कारण इंग्लंडच्या रूढ कायद्याप्रमाणे अपत्याचा दर्जा बापावरून ठरत असे. या एका निकालाने वसाहतीतील जमीनदारवर्ग सावध झाला. १६६२ मध्ये तेथील कायदेमंडळाने अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल असा कायदा केला, १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने दास्य सुटत नाही असा दुसरा केला, आणि अशा रीतीने एलिझाबेथ ज्या दोन दारांनी बाहेर पडली, ती दोन्ही अकरा वर्षांच्या आत मागच्यांसाठी बंद झाली. पहिल्या कायद्याचा परिणाम किती दूरवर पोहोचला असेल, याची कल्पना करावी. धन्याने आपल्या दासीच्या ठायी उत्पन्न केलेले मूल धन्याचे अपत्य ठरेना, ते त्याच्या मिळकतीतील वाढ ठरू लागले. आणि बापाने आपलाच मुलगा गहाण टाकावा, विकावा, मृत्युपत्राने जावयास द्यावा, यात कायद्याच्या दृष्टीने वावगे असे काही उरले नाही.

हे परमुलखातील पाप म्हणून आपण त्याकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहू नये. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे कागद आहेत, त्यांत किमतीही लिहिलेल्या आहेत, आणि हिंदुस्थानातील इंग्रजी न्यायालयांनी दास्याचा हक्क मान्य करू नये, असा कायदा होण्यास १८४३ साल उजाडावे लागले.

पेनसिल्व्हेनिया हा क्वेकरांचा प्रांत. शस्त्र धरावयाचे नाही, शपथ घ्यावयाची नाही, प्रत्येक मनुष्याच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश आहे असे मानावयाचे, ही त्या पंथाची शिकवण. आणि तरीही त्यांच्या घरांत, गिरण्यांत व गलबतांवर दास राबत होते. १७२६ च्या प्रांतिक कायद्याने तर दासाला मुक्त करू इच्छिणाऱ्या धन्याकडून तीस पौंडांचा जामीन मागितला होता, म्हणजे सत्कृत्यावरच एक प्रकारे जकात बसवली होती. १६८८ साली जर्मनटाउन येथील चौघांनी दास्याविरुद्ध लेखी निषेध आपल्या पंथाच्या बैठकीपुढे ठेवला, तो वरच्या बैठकीकडे, तेथून आणखी वरच्या बैठकीकडे असा जात जात शेवटी बासनात बांधला गेला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे गेली. जॉन वुलमन याने पायी हिंडून घरोघरीच्या धन्यांची मने वळवली, अँथनी बेनेझे याने लेखणी चालवली, आणि अखेर १७७६ मध्ये, जो दास बाळगील तो पंथाबाहेर, असा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक बैठकीने केला.

बेनेझेविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. फ्रान्सातील छळाला कंटाळून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबातला हा मनुष्य फिलाडेल्फियात शाळामास्तर झाला, १७५० पासून रात्रीच्या वेळी स्वतःच्या घरी कृष्णवर्णीय मुलांना शिकवू लागला, १७७० मध्ये त्यांच्यासाठी पंथाच्या आश्रयाने स्वतंत्र शाळा उभी राहिली, आणि इतकी वर्षे शिकवल्यानंतर, या मुलांची बुद्धी गोऱ्या मुलांहून तिळभरही उणी नाही, अशी साक्ष त्याने निर्भयपणे दिली. आफ्रिकेतील गिनी प्रदेशाविषयी त्याने जे पुस्तक लिहिले, ते वाचून इंग्लंडातील टॉमस क्लार्कसन या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली. १७८४ च्या मे महिन्यात बेनेझे निवर्तला, तेव्हा त्या ठेंगण्या शाळामास्तराच्या अंत्ययात्रेत शहरातील शेकडो कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष चालत होते.

तत्पूर्वी, युद्ध चालू असतानाच, एक मोठी गोष्ट घडून गेली होती. १ मार्च १७८० रोजी पेनसिल्व्हेनियाच्या कायदेमंडळाने, चौतीस विरुद्ध एकवीस मतांनी, क्रमशः दास्यविमोचनाचा कायदा केला. निवडून दिलेल्या कायदेमंडळाने दास्य संपवण्यासाठी केलेला अमेरिकेतील हा पहिला कायदा म्हणून त्याचा गौरव होतो, आणि तो योग्यही आहे. परंतु त्याची कलमे वाचू लागावे तो उत्साह हळूहळू मंद होत जातो. त्या दिवशी जे दास होते, ते दासच राहिले. त्या दिवसानंतर दासीच्या पोटी जे मूल जन्मेल ते दास होणार नाही, पण वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आईच्या धन्याची चाकरी करील, असे ठरले. म्हणजे पहिले मूल मोकळे व्हावयास १८०८ साल उजाडणार होते. जे आयुष्यातले कसाचे दिवस, ते धन्याच्या पदरात टाकून उरलेले मुलाच्या हवाली करणारा हा सौदा होता, आणि धन्यांच्या खिशाला झळ न लावता त्यांची संमती मिळवण्याची ती किंमत होती.

या कायद्यात एक कलम मात्र असे होते की, ज्यांनी ते लिहिले त्यांनाही त्याचे सामर्थ्य तेव्हा पुरते उमगले असेल की नाही, याची शंका वाटते. प्रत्येक धन्याने १ नोव्हेंबर १७८० च्या आत आपल्या दासांची नावे, वये व लिंग यांची नोंद परगण्याच्या कारकुनाकडे दर दासामागे दोन डॉलर भरून करावी, आणि ज्याची नोंद होणार नाही तो स्वतंत्र समजला जावा. आळसाने, कंजूषपणाने किंवा कायद्याच्या तिरस्काराने ज्यांनी नोंद केली नाही, त्यांच्या घरातील माणसे २ नोव्हेंबरच्या सकाळी कायद्याने मोकळी झाली होती. धन्यांची लगबग उडाली, १७८१ मध्ये मुदत वाढवून मागण्यासाठी कायदेमंडळात विधेयक आले, आणि जे नुकतेच सुटले होते त्यांना पुन्हा जोखडात घालण्याचा घाट घातला गेला. त्या वेळी ‘फ्रीमन्स जर्नल’ या पत्रात ‘केटो’ या सहीने एका मुक्त दासाचे पत्र प्रसिद्ध झाले, इतरांचे अर्जही कायदेमंडळापुढे आले, आणि ते विधेयक बारगळले.

सभा १७८४ मध्ये पुन्हा भरू लागली आणि एप्रिल १७८७ मध्ये नवी घटना, नवे विस्तारलेले नाव व नवा अध्यक्ष घेऊन उभी राहिली. ‘बेकायदा’ हा शब्द अजून नावात होताच, पण त्याच्या आधी आता ‘दास्य नष्ट करण्यास उत्तेजन देणारी’ असे शब्द आले. अध्यक्ष बेंजामिन फ्रँकलिन; वय एक्याऐंशी. ज्याने आपल्या वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे दासविक्रीच्या जाहिराती छापल्या आणि ज्याच्या स्वतःच्या घरात दास होते, तो हा मनुष्य वृद्धापकाळी या कामास येऊन मिळाला, ही गोष्ट काही टीकाकार हिणवण्यासाठी सांगतात. प्रस्तुत लेखकाला तीत मनुष्यस्वभावाविषयी आशा बाळगण्यास जागा दिसते. त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, संघराज्याची घटना तयार करणारे अधिवेशन भरले होते आणि फ्रँकलिन तेथेही सभासद होता. दासांचा व्यापार बंद करावा असा अर्ज सभेने त्याच्या हाती दिला. तो त्याने अधिवेशनापुढे ठेवला नाही. दक्षिणेकडील प्रांत बिथरतील, संघच मोडेल, ही भीती तेव्हा सर्वांच्या मनात होती. जी घटना तयार झाली तीत ‘दास’ हा शब्द कोठेही नाही. पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच दासांची गणना तीन माणसांइतकी करावी, १८०८ पर्यंत काँग्रेसने दासांची आयात बंद करू नये, आणि पळून गेलेला चाकर ज्या प्रांतात सापडेल त्या प्रांताने तो परत द्यावा, अशी तीन कलमे तीत आली. यांतील तिसऱ्याशी सभेला पुढे साठ वर्षे झुंजावे लागले.

सभेची रोजची कामगिरी तिच्या कार्यकारी समितीकडे असे. कोणाला तरी रात्री उचलून दक्षिणेकडे नेण्याचा बेत आहे, कोणाचे मुक्तिपत्र धन्याच्या वारसांनी दाबून ठेवले आहे, कोणाची अठ्ठावीस वर्षे भरली तरी सोडत नाहीत, अशा तक्रारी घेऊन माणसे दारी येत. समितीचे सभासद जबान्या घेत, परगण्याच्या नोंदवह्या पाहात, धन्यास पत्र लिहीत, आणि त्याने दाद न दिल्यास देहोपस्थितीचा हुकूम मिळवून त्या मनुष्यास न्यायाधीशापुढे उभे करीत. विल्यम लुईस व पुढे सभेचा अध्यक्ष झालेला विल्यम रॉल यांच्यासारखे शहरातील पहिल्या प्रतीचे वकील या कामी उभे राहात. १७८९ मध्ये बेट्सी नावाच्या मुलीचे प्रकरण प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आले. ती १७८० च्या कायद्यापूर्वी जन्मलेली होती व तिची नोंद झालेली नव्हती. नोंद नाही म्हणून ती जन्माची दासी नव्हे, हे धन्याच्या वकिलालाही कबूल करावे लागले. पण निदान अठ्ठावीस वर्षांची चाकरी तरी तिच्याकडून घेण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे पडले. मुख्य न्यायाधीश मॅकीन धन्याच्या बाजूचा होता. बाकीच्या न्यायाधीशांनी मात्र, नोंद नाही म्हणजे ती पूर्णपणे स्वतंत्र आहे, असा कौल दिला. धन्याच्या हातून गळलेल्या एका ओळीने एका मुलीचे सबंध आयुष्य तिच्या पदरात पडले; आणि या निकालाच्या आधारे पुढे कितीतरी दावे चालले.

कायदा झाला की त्याला पळवाटा फुटतात, हा अनुभव सर्वत्र सारखाच. गर्भवती दासीला प्रसूतीपूर्वी मेरीलंडमध्ये नेऊन ठेवावे म्हणजे मूल जन्माचे दास होते, असे धन्यांनी शोधून काढले. परप्रांतातून आणलेला दास सहा महिने राहिल्यास मुक्त होतो, तर सहा महिने भरण्यापूर्वी त्याला एक दिवस सीमेपार फिरवून आणावे, असेही शोधून काढले. सभेच्या अर्जावरून मार्च १७८८ मध्ये कायदेमंडळाने दुरुस्ती करून या दोन्ही वाटा बंद केल्या, नवराबायको व आईमुले यांची त्यांच्या संमतीवाचून दहा मैलांहून अधिक ताटातूट करण्यास मनाई केली, आणि दासव्यापाराची गलबते प्रांतात सज्ज करणाऱ्यास दंड ठेवला. हा कायदा मोडणाऱ्यांत देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष असावा, हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहिले पाहिजे. १७९० मध्ये राजधानी फिलाडेल्फियास आली. सरकारचा महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ याचे दास सहा महिन्यांच्या कलमाचा आधार घेऊन त्याला सोडून गेले, आणि त्याने ही हकीकत वॉशिंग्टनच्या घरी कळवली. तेव्हा वॉशिंग्टनने एप्रिल १७९१ मध्ये आपल्या चिटणिसास पत्र लिहून, दासांना व लोकांना खरे कारण कळू न देता, मुदत भरण्यापूर्वी त्यांना आळीपाळीने प्रांताबाहेर पाठवण्याची व्यवस्था करण्यास सांगितले. त्या घरातील ओना जज ही तरुणी २१ मे १७९६ रोजी, घरातील मंडळी जेवणास बसलेली असताना, बाहेर पडली व गलबताने न्यू हॅम्पशायरला गेली. तिला परत नेण्याचे दोन प्रयत्न फसले, आणि १८४८ मध्ये ती तेथेच, कायद्याच्या लेखी दासी व प्रत्यक्षात स्वतंत्र, अशी वारली.

फेब्रुवारी १७९० मध्ये फ्रँकलिनच्या सहीने सभेचा अर्ज काँग्रेसपुढे गेला, तेव्हा जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने धर्मशास्त्राचा आधार देऊन दास्याचे समर्थन केले. फ्रँकलिनने अंथरुणावरून उत्तर दिले. गोऱ्या ख्रिस्ती दासांना सोडण्यास नकार देणाऱ्या अल्जीअर्सच्या एका कल्पित दरबाऱ्याचे भाषण त्याने वर्तमानपत्रात छापले आणि त्यात जॅक्सनचेच युक्तिवाद घातले. काँग्रेसने मात्र, प्रांतांतील दास्यात हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा ठराव करून प्रकरण मिटवले, आणि १७ एप्रिल रोजी फ्रँकलिन वारला. दासव्यापारापुरते मात्र अर्जांचे सातत्य फुकट गेले नाही. १७९४ मध्ये अमेरिकेतील गलबते परदेशांच्या दासव्यापारासाठी सज्ज करण्यास बंदी झाली.

सभेच्या एका सत्कृत्यातून एक मोठे अरिष्ट उद्भवले, तेही नमूद केले पाहिजे. जॉन डेव्हिस याचे नाव त्याच्या धन्याने पेनसिल्व्हेनियाच्या नोंदवहीत घातले नव्हते, म्हणून तो स्वतंत्र झाला होता; १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या तिघांनी त्याला पळवून नेले. सभेने पाठपुरावा केल्यावरून पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मिफ्लिन याने १७९१ मध्ये ते तीन आरोपी व्हर्जिनियाकडे मागितले, व्हर्जिनियाच्या गव्हर्नराने ते देण्याचे नाकारले, मिफ्लिनने राष्ट्राध्यक्षाकडे धाव घेतली, राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसकडे. आणि या तंट्यातून फेब्रुवारी १७९३ मध्ये जो कायदा बाहेर पडला, त्याने पळून आलेल्या दासास कोणाही न्यायाधीशापुढे उभे करून, पंचांवाचून, नुसत्या तोंडी किंवा शपथेवरील पुराव्याने नेण्याची मुभा धन्यास दिली आणि आड येणाऱ्यास पाचशे डॉलर दंड ठेवला. ज्या मनुष्यावरून हे सर्व रामायण घडले, तो डेव्हिस दास्यातच राहिला.

कलमांच्या आधाराने एकेका मनुष्यास सोडवावयाचे, की दास्याचे मूळच छेदावयाचे, हा प्रश्न सभेतही होता. फ्लोरा नावाच्या स्त्रीच्या प्रकरणात लुईस व रॉल यांनी दुसरी वाट धरून पाहिली: सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत असे प्रांताची घटना म्हणते, मग त्या घटनेखाली दास्य असूच कसे शकते? सात वर्षे रेंगाळून १८०२ मध्ये प्रांताच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा निर्णय झाला, आणि न्यायाधीशांनी एकमताने दास्य कायदेशीर ठरवले. १७८३ पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये जवळजवळ अशाच युक्तिवादाने दास्य कोसळले होते. पेनसिल्व्हेनियात १७८० चा कायदा आडवा आला. ज्या कायद्याने दास्य क्रमशः संपवावयाचे ठरवले, त्यानेच ते तोपर्यंत अस्तित्वात असल्याचे मान्य केले होते.

आता जे सांगावयाचे ते आपल्याकडील वाचकास विशेष वाटेल. हिंदुस्थानच्या व्यापारासाठी फिलाडेल्फियात बांधलेले ‘गॅन्जेस’ नावाचे एक गलबत होते. म्हणजे आपल्या गंगेचेच नाव इंग्रजी उच्चाराने त्याला दिलेले. १७९८ मध्ये सरकारने ते आरमारासाठी विकत घेतले. १८०० च्या उन्हाळ्यात क्यूबाच्या समुद्रात त्याने ‘प्रूडंट’ व ‘फीबी’ ही दोन अमेरिकन गलबते दासव्यापाराचा कायदा मोडल्याबद्दल पकडली. त्यांत १३० हून अधिक आफ्रिकन स्त्रीपुरुष व मुले होती. ऑगस्टात ती गलबते फिलाडेल्फियाच्या खालच्या बाजूस, साथीच्या भयाने जहाजे अडवून ठेवण्याच्या ठाण्यावर आणली गेली. हे लोक दास नव्हेत असे ठरवून न्यायाधीश रिचर्ड पीटर्स याने त्यांना सभेच्या हवाली केले. ज्यांची भाषा कोणास येत नव्हती, ज्यांचे गाव समुद्रापलीकडे होते, अशा या माणसांना अन्नवस्त्र देणे, त्यांतील आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, आणि मग प्रांतातील शेतकऱ्यांकडे व कारागिरांकडे ठराविक मुदतीच्या चाकरीच्या करारावर त्यांची सोय लावणे, हे काम सभेने केले. करारनाम्यावर आडनाव लागते. तेव्हा त्यांना सरसकट आडनाव दिले गेले, गॅन्जेस. त्या करारनाम्यांवर फुलीच्या निशाणीपुढे गंगेचे नाव इंग्रजी वळणाने लिहिलेले दिसते. आणि ते आडनाव लावणारी त्यांची वंशज मंडळी आजही त्या भागात आहेत.

करार हा शब्द वर आला, त्यावर थांबले पाहिजे. सोडवलेल्या माणसांनाही चाकरीच्या मुदतीत बांधावे, त्यांच्या चालचलणुकीवर देखरेख ठेवावी, ही सभेची वृत्ती होती. १७८९ च्या योजनेप्रमाणे चोवीस जणांच्या मिळून चार समित्या नेमल्या होत्या: एक वर्तनाच्या देखरेखीसाठी, एक मुलांना धंद्यास लावण्यासाठी, एक शिक्षणासाठी, एक रोजगारासाठी. हेतू शुद्ध होता. पण ज्यांच्यासाठी हे चालले होते, त्यांतील एकासही सभेचा सभासद करून घेतले नव्हते. त्याच शहरात रिचर्ड ॲलन व ॲबसलम जोन्स यांनी १७८७ मध्ये आपल्या लोकांचे स्वतंत्र सहायक मंडळ काढले होते, आणि १७९९ च्या अखेरीस जोन्स व त्याच्या सोबत्यांनी काँग्रेसला स्वतः अर्ज केला, तो पंच्याऐंशी विरुद्ध एक मताने झिडकारला गेला. सभेने या माणसांना आपल्या मेजाशी बसवले असते तर तिचा इतिहास निराळा झाला असता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. १८४२ मध्ये रॉबर्ट पर्विस याला प्रवेश मिळाला, तोपर्यंत सभेस सदुसष्ट वर्षे झाली होती.

दरम्यान काळ पुढे गेला होता. १७९० च्या जनगणनेत पेनसिल्व्हेनियात ३,७३७ दास होते, १८१० मध्ये ७९५ उरले, १८४० मध्ये ६४. मुदतबंद चाकराच्या मुलांनाही तसेच अठ्ठावीस वर्षे बांधता येईल, हा धन्यांचा दावा १८२६ मध्ये न्यायालयाने फेटाळला, नाहीतर ते जोखड पिढ्यान्‌पिढ्या चालले असते. १८३० नंतर विल्यम लॉइड गॅरिसन याच्या पिढीला अर्ज, वकील व कलमे यांची ही सावकाश चाल असह्य झाली आणि तात्काळ विमोचनाची मागणी करणाऱ्या नव्या संस्था निघाल्या. १८३८ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात उभारलेले भव्य सभागृह, उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी, १७ मे रोजी जमावाने जाळले. त्याच वर्षी प्रांताच्या नव्या घटनेत मतदाराच्या वर्णनात ‘गोरा’ हा शब्द घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला. जुनी सभा त्या साली घरोघर फिरून त्या समाजाची गणती करीत होती. ते किती कर भरतात, किती घरे त्यांच्या मालकीची आहेत, किती मुले शाळेत जातात, हे तिने आकड्यांनी मांडले. तो अहवाल फार थोड्यांनी मनावर घेतला.

१८३७ च्या एप्रिलमध्ये मार्गारेट मॉर्गन हिला मुलांसह रात्री उचलून मेरीलंडमध्ये नेले, तेव्हा पळवणाऱ्या प्रिग नावाच्या इसमाला पेनसिल्व्हेनियाच्या १८२६ च्या कायद्याखाली शिक्षा झाली. १८४२ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. मात्र पळालेल्या दासास पकडण्याच्या कामी प्रांतांनी आपली माणसे राबवलीच पाहिजेत असे नाही, हेही न्यायाधीश स्टोरी बोलून गेला, आणि त्या एका वाक्याचा आधार घेऊन १८४७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने आपले तुरुंग या कामास देण्याचे बंद केले व परप्रांतीय धन्यांची सहा महिन्यांची सवलतही काढून घेतली. पुढील यादवी युद्ध आणि डिसेंबर १८६५ मधील घटनेची तेरावी दुरुस्ती ही कथा सर्वश्रुत आहे.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, पुण्यास ज्योतिराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, दास्यमोचनाच्या कामी अमेरिकेतील सदाचारी लोकांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, त्यांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका ज्यांच्यापर्यंत पोहोचावयास हवी होती, त्यांत शिंपी हॅरिसन आणि शाळामास्तर बेनेझे आहेत, तशाच डायना, बेट्सी आणि फ्लोराही आहेत, असे मला वाटते.

सभा १८६५ मध्ये विसर्जित झाली नाही. मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी तिने आपले काम चालू ठेवले. १८९६ मध्ये तिच्या अध्यक्षपदी विल्यम स्टिल याची निवड झाली. त्याची आई मेरीलंडमधील दास्यातून दोनदा पळाली होती आणि दुसऱ्या खेपेस दोन मुलगे मागे ठेवून आली होती. ते दोघे दक्षिणेत विकले गेले. १८५० च्या ऑगस्टमध्ये स्टिल फिलाडेल्फियात दुसऱ्या एका दास्यविरोधी संस्थेच्या कचेरीत कारकून असताना, अलाबामाहून आलेला एक प्रौढ मनुष्य आपल्या आईबापांचा शोध लावण्यास त्याच्यापुढे येऊन बसला. स्टिलने नेहमीप्रमाणे कागद पुढे ओढून नाव, गाव, आईचे नाव, बापाचे नाव विचारावयास सुरुवात केली, आणि उत्तरे लिहून घेता घेता त्याच्या ध्यानात आले की, समोर बसला आहे तो आपल्या जन्मापूर्वी हरवलेला आपला थोरला भाऊ पीटर आहे.